गाळाची बखर: गोदाकाठावरून

पर्वतनिर्मितीचे जे चित्र शालेय भूगोलातून आपल्या मनात ठसलेले असते त्यात दोन भूखंड एकमेकांवर आदळतात, मधल्या जमिनीला वळ्या पडतात आणि पर्वत उभा राहतो. चित्र चुकीचे नाही. ते फक्त अर्ध्यावर सोडलेले आहे. पर्वत हा टकरीचा पुरावा म्हणून फारसा भरवशाचा नसतो. उभा राहू लागल्या क्षणापासून पाऊस, बर्फ आणि नद्या त्याला उतरवू लागतात, आणि काही कोटी वर्षांत त्याची खोल मुळे तेवढी उरतात. टिकतो तो त्याचा भुगा. तो वाहत जाऊन जिथे साठतो त्या सखल जागी पर्वताचा इतिहास लिहिला जातो, आणि पर्वत नाहीसा झाल्यावरही वाचता येतो. म्हणून प्राचीन खंडांच्या टकरी शोधणारा भूशास्त्रज्ञ शिखरांइतकाच खळग्यांकडेही पाहतो.

हा विषय परभणी जिल्ह्यातून मांडायचे ठरवल्यावर पहिली अडचण अशी येते की इथे पाहावे तिकडे काळा पाषाण आणि त्याचीच झिजून झालेली काळी माती. पाथरीपासून सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना धरून गोदावरी वाहते. जिंतूरकडून पूर्णा येते, सेलूकडून दुधना येते. या सर्व नद्यांच्या तळाशी जो दगड आहे तो गाळाचा नव्हे, लाव्ह्याचा. जनाबाईचे नाव ज्या गंगाखेडशी जोडलेले आहे त्या परिसरात जात्याची पाळ ज्या दगडाची होते, चारठाण्याची मंदिरे ज्या दगडात उभी आहेत, तो हाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि त्याखालचे सारे झाकले गेले. इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर परभणीचे पान कोरे नाही, त्यावर शाई सांडलेली आहे.

तरीही याच काठावरून हा इतिहास सांगावा असे आम्हांस वाटते. कारण शाईखाली काय होते, शाई जिथे संपते तिथे काय वाचता येते, आणि ज्या टकरीला आपण दूरच्या हिमालयाची गोष्ट समजतो ती मराठवाड्यात कशी नोंदली गेली, हे तिन्ही प्रश्न इथल्याच नदीने आणि इथल्याच भूमीने पुढे आणलेले आहेत.

आधी वाचनाची रीत पाहू. भूशास्त्राच्या मराठीत खचत जाणाऱ्या आणि गाळाने भरत जाणाऱ्या सखल प्रदेशाला 'द्रोणी' म्हणतात. जेवणातल्या द्रोणाशी नाते सांगणारा हा शब्द आम्हांला फार समर्पक वाटतो. मात्र द्रोण आधी तयार असतो आणि मग भरला जातो. द्रोणी भरता भरता खोल होते. विणलेल्या बाजेवर जड माणूस बसला की त्याच्या शेजारची वीणही खाली झुकते आणि बाजेवरचे सुटे जिन्नस त्या उताराला गोळा होतात. पर्वताच्या भाराने त्याच्या पुढची जमीन अशीच वाकते, आणि त्या वाकलेल्या जागेत पर्वताचाच चुरा साठत जातो. पर्वत पुढे सरकला, अधिक उंच झाला, की खळगा आणखी खोल होतो आणि येणारा गाळ अधिक जाडाभरडा होतो.

हिमालयाच्या पायथ्याशी हे स्पष्ट दिसते. शिमल्याच्या खालच्या टेकड्यांत सुबाथू नावाच्या गावावरून ओळखले जाणारे थर आहेत. त्यांत नाण्यांसारखे गोल चपटे सागरी जीवाश्म सापडतात. म्हणजे तिथे उथळ समुद्र होता. त्यावर दगशाईचे तांबडे थर, कसौलीचे वालुकाश्म. समुद्र हटला, नद्या आल्या. त्याहीवर शिवालिकांचे थर, काही ठिकाणी पाच किलोमीटरहून अधिक जाडीचे, आणि त्यांच्या वरच्या भागात चक्क गोटे. खालून वर वाचत गेले की समुद्र, चिखल, वाळू, गोटे असा क्रम लागतो. भारत आशियाला भिडला, मधला समुद्र मिटला, डोंगर जवळ जवळ येत गेला, ही सुमारे पाच कोटी वर्षांची हकीकत तिथे एकही शिखर न चढता वाचता येते. हे थर पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत हेन्री मेडलिकॉट यांचे नाव अग्रगण्य आहे; हिमालयाच्या दक्षिण पट्ट्यावरील त्यांचा ग्रंथ १८६४ सालचा. त्या काळी खंड सरकतात ही कल्पनाच कोणापाशी नव्हती. पुरावा आधी मांडला गेला, त्याचा अर्थ जवळपास शंभर वर्षांनी लागला.

इथे मराठी वाचकाला राजवाड्यांची आठवण व्हावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तेव्हा बखरींवर त्यांनी कठोर शब्दांत अविश्वास दाखवला आणि भर दिला तो अस्सल पत्रांवर. बखर नंतर लिहिली जाते, कोणासाठी तरी लिहिली जाते. पत्र व्यवहारात सहज लिहून जाते. मग गाळाचा थर बखर म्हणावा की अस्सल कागद? त्याला कोणाची मर्जी राखायची नसते, या अर्थी तो अस्सल कागद आहे. पण तो घटनेनंतर, दूरवर, आणि पुष्कळदा जुन्याच मजकुराची फेरजुळणी करून तयार होतो, या अर्थी बखर आहे. वाळूचा एखादा कण एका पर्वतातून सुटतो, एका द्रोणीत दगड होतो, तो दगड पुढच्या टकरीत वर उचलला जातो, पुन्हा झिजतो आणि दुसऱ्या द्रोणीत जाऊन बसतो. अशा कणाची साक्ष कोणत्या काळाची मानायची?

या प्रश्नाला थोडेफार उत्तर मिळाले ते झिरकॉन या खनिजामुळे. ग्रॅनाइटासारख्या खडकात त्याचे बारीक स्फटिक असतात. ते झिजत नाहीत म्हटले तरी चालेल, आणि त्यांच्यात अडकलेल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत असल्याने जन्माचे वय त्यांच्या पोटातच नोंदलेले असते. वालुकाश्माच्या एका मुठीतले शेकडो झिरकॉन मोजले की कोणकोणत्या वयाच्या डोंगरांचा चुरा इथे आला याची यादी तयार होते. यादी म्हणजे इतिहास नव्हे, हे आपल्या क्षेत्रातही आपण जाणतोच. पण निदान कोणत्या कुळातले कागद दप्तरात आहेत एवढे तरी कळते.

आता परत शाईकडे. दख्खनच्या लाव्ह्याखाली काय आहे याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मराठवाड्याला मिळाले ते अत्यंत वाईट प्रसंगातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची लातूर-धाराशिवमधली गावे भूकंपाने कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे संशोधकांनी किल्लारीजवळ खोल विंधण घेतली. ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली अवघा आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक. कोयनेच्या परिसरात पुढे जी विंधणे झाली त्यांत तर लाव्ह्याखाली थेट प्राचीन खडकच लागला, मध्ये गाळ नाही.

त्या आठ मीटरांना आम्ही फार महत्त्व देतो. लाव्हा येण्यापूर्वी किल्लारीच्या जागी खचत जाणारी मोठी द्रोणी नव्हती. तिथे उघडा, झिजत चाललेला जुना खडक होता आणि त्यावर गाळाचा पातळ पापुद्रा. म्हणजे शाईखालचे हे पान बहुधा लिहिलेलेच नव्हते. झिजणारी जमीन स्वतःविषयी काही लिहीत नाही, ती आपला मजकूर दुसरीकडे पाठवते. एका विंधणीवरून परभणी-नांदेडसकट साऱ्या मराठवाड्याचा निवाडा करणे धाडसाचे होईल, हे मान्य. तरी 'काळ्या पाषाणाखाली न वाचलेले मोठे भांडार दडले आहे' अशी जी एक रम्य समजूत आपल्याकडे असते तिला या आठ मीटरांनी आवर घालायला हवा.

मजकूर कुठे गेला ते पाहायचे तर नदीबरोबर खाली जावे लागते. परभणी सोडून गोदावरी नांदेडकडे जाते, आणि देगलूर-बिलोलीच्या बाजूला काळा पाषाण पातळ होत संपतो; खालचा ग्रॅनाइट गोल गोल धोंड्यांच्या टेकड्यांनी डोके वर काढतो. उत्तरेला पैनगंगा, १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत जुन्या परभणी जिल्ह्याची सीमा सांगणारी नदी, विदर्भाच्या कडेने पूर्वेकडे जाऊन वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत येते. चंद्रपूरच्या बाजूपासून आंध्रच्या किनाऱ्याकडे वायव्य-आग्नेय दिशेने सुमारे चारशे किलोमीटर गेलेली एक खचदरी इथे आहे. तिला प्राणहिता-गोदावरी द्रोणी म्हणतात. परभणीत जे झाकलेले किंवा कधी न लिहिलेले, ते इथे उघड्यावर आहे.

या खोऱ्यातील वाचनाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय होईल. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा सांभाळता सांभाळता जीवाश्म जमवले. चंद्रपूरकडच्या मांगली येथे सापडलेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेले. पुढे १८७० च्या दशकात फेडन यांना पैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूरजवळच्या इरई येथे, चुनखडीचा एक असा पृष्ठभाग आढळला की ज्यावर ओरखडे होते आणि तो घासून गुळगुळीत झालेला होता. त्यावर मोठमोठ्या धोंड्यांचा थर. असे ओरखडे हिमनदी काढते. ज्या खोऱ्यात उन्हाळ्यात जीव नकोसा होतो तिथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होते! ओडिशात तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधूंना १८५६ सालीच अशा थरांवरून बर्फाचा संशय आला होता. इरईने त्याला बळ दिले. तसेच थर दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडू लागले तेव्हा हे खंड एकेकाळी एकत्र असावेत हा विचार अटळ झाला.

त्या एकत्र खंडाचे नाव या खोऱ्याशी संबंधित आहे. हिमालयाचे मेडलिकॉट यांनीच १८७२ साली या थरांसाठी 'गोंडवन' हा शब्द योजला, फाइस्टमांटेल यांनी १८७६ साली तो छापून रूढ केला, आणि १८८५ साली व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी त्यावरून 'गोंडवनभूमी' हे खंडाचे नाव घडवले. गोंडवन म्हणजे मुळात गोंडांचा मुलूख; त्याला पुन्हा 'भूमी' जोडणे ही द्विरुक्ती आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात यावे. ज्यांच्या नावावर साऱ्या दक्षिण गोलार्धाचा इतिहास चालतो त्या समाजाला या नामकरणाची कल्पना कोणी कधी दिली असेल, असे वाटत नाही.

पण हे सारे खंडांच्या एकत्र असण्याचे आणि फाटण्याचे पुरावे झाले. टकर कुठे आहे? ती या दरीच्या दोन काठांवर शोधावी लागते. नैर्ऋत्येला धारवाडचा प्राचीन भूखंड, ईशान्येला बस्तरचा. दोन्ही काठांवर, करीमनगरकडे आणि भोपालपट्टणमकडे, भूगर्भात वीस-पंचवीस किलोमीटर किंवा अधिक खोलीवरच तयार होतात असे खडक पट्ट्यांनी वर आलेले दिसतात. त्यावरून काही भूशास्त्रज्ञ म्हणतात की धारवाड आणि बस्तर ही वेगळी भूमी होती, ती इथे भिडली, आणि ही दरी म्हणजे त्या सांध्याची खूण आहे. पुढे जेव्हा जेव्हा जमीन ताणली गेली तेव्हा ती याच सांध्यावर उसवली. गोंडवनी थरांच्या दोन बाजूंना त्यांच्याहून कितीतरी जुन्या गाळाचे पट्टे आहेत, पाखाल आणि पैनगंगा या नावांनी ओळखले जाणारे. फेडनना ओरखडे दिसले ते याच पैनगंगा चुनखडीवर. कोरपना तालुक्यातील सिमेंटचे कारखानेही तिच्यावरच चालतात. एकाच सांध्यावर अब्जाहून अधिक वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्रोणी तयार व्हावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

विरुद्ध पक्षही दुर्बळ नाही. दोन काठांवरच्या त्या खोल खडकांची वये जुळत नाहीत. एका टकरीच्या दोन साक्षीदारांनी दोन वेगळी शतके सांगावीत तसे हे आहे. शिवाय शिवालिकांसारखा, समुद्रापासून गोट्यांपर्यंत चढत जाणारा क्रम इथल्या जुन्या गाळात सरळ लागत नाही. तो गाळ टकरीपेक्षा ताणाचीच भाषा अधिक बोलतो. आम्हांस दुसऱ्या पक्षाची हरकत योग्य वाटते, पण निष्कर्ष पहिल्या पक्षाचा अधिक पटतो. द्रोणीने टकर थेट नोंदलेली नाही; तिने नोंदला आहे टकरीने मागे ठेवलेला कच्चेपणा. सांधलेले कापड पुन्हा त्याच रेषेवर फाटले, तर शिलाईचा दोरा हाती लागला नाही तरी शिलाई होती असे आपण म्हणतोच.

या कच्चेपणाचा विचार पुन्हा किल्लारीकडे नेतो. १९९३ पूर्वी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खन स्थिर आहे, इथे काही हलत नाही, हे गृहीत धरून जाड दगडी भिंती मातीत रचल्या जात होत्या आणि त्यांवर माळवदाचे ओझे चढवले जात होते. भारतीय भूपट्ट मात्र आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाशी अडतो. त्या अडण्याचा दाब साऱ्या भूपट्टातून मागे पसरतो आणि जिथे खोलवर जुनी भेग असेल तिथे मोकळा होतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवालिकांत ज्या टकरीचे गोटे साठले त्याच टकरीने किल्लारीच्या भिंती पाडल्या. २०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणी आणि नांदेडपर्यंत जाणवले. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांच्या बातम्या तर कितीतरी वर्षे येत आहेत. द्रोणी नसलेल्या भूमीत टकरीची नोंद थरांत होत नाही, धक्क्यांत होते. आणि धक्क्याची नोंद ठेवायला गाळ नसल्याने ती माणसांच्या आठवणीतच ठेवावी लागते. ती किती लवकर पुसट होते हे भूकंपानंतर बांधलेल्या नव्या वसाहतींच्या कडेने पुन्हा उभ्या राहिलेल्या भिंती पाहिल्या की कळते.

परभणीची माती मात्र लिहिण्यातून सुटलेली नाही, ती लिहिते आहे समुद्रात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी हिमालयाचा गाळ सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीच्या पंख्यासारखा पसरला आहे. टकरीची सर्वांत मोठी बखर तीच. त्याच उपसागराच्या पश्चिम कडेला गोदावरीचा गाळ उतरतो. २००६ साली 'जॉइडीस रेझोल्यूशन' या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाचे नमुने काढले, ते मुख्यतः वायुसंयुगांच्या शोधासाठी. त्यांतल्या गेल्या काही हजार वर्षांच्या गाळाचा अभ्यास पुढे वेगळ्याच कामी आला. काळ्या पाषाणात झिरकॉन जवळपास नसतो, म्हणून दख्खनचा वाटा ओळखायला निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहावे लागले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गेल्या सुमारे चार हजार वर्षांत या गाळातला दख्खनचा वाटा वाढत गेला आणि धूपही पुष्कळ वाढली. हवामान कोरडे होत गेल्याने झाडोरा विरळ झाला, आणि त्याच सुमारास वरच्या खोऱ्यात स्थिर शेतीची गावे वसू लागली. प्रवरेकाठचे दायमाबाद हे त्यांतले मोठे गाव. पर्वत झिजवायला कोट्यवधी वर्षे घेणाऱ्या लेखणीच्या जोडीला औताचा फाळ आला, तो असा समुद्राच्या तळाशी दिसतो.

त्यानंतरचा मजकूर पुन्हा तुटक आहे. पैठणला नाथसागर झाला, पूर्णेवर येलदरी झाले, दुधनेवर धरण झाले. समुद्राकडे निघालेला बराच गाळ मधल्या भिंतींशी थबकला. शासनाने २०१७ साली धरणातला गाळ शेतात नेण्याची योजना काढली, आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टर तलावांच्या तळाशी उतरू लागले. नदीत जी वाळू उरते तिचे घाट लिलावाला निघतात. गंगाखेड-पालमच्या बाजूला पात्रात जागोजागी खड्डे दिसतात. त्यांच्या कडांना पोयट्याचे, बारीक वाळूचे, गोट्यांचे पातळ थर उघडे पडलेले असतात, आणि पुढच्या पुराने ते भरून निघतात.